लोहाच्या गोळ्या : वाटपापासून पोटापर्यंत

भिवंडी शहरातील वऱ्हाळादेवीच्या तलावाकाठी वसलेले कामतघर हे एके काळचे खेडे. आज ते भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या हद्दीत असून यंत्रमागांच्या खडखडाटात तेथील दिवस आणि रात्र यांतील भेद पुसट झालेला आहे. मूळच्या वस्तीबरोबरच तेलंगणातून आणि उत्तर भारतातून पोटापाण्यासाठी आलेली अनेक कुटुंबे या परिसरात स्थिरावली आहेत. पुरुष मागावर, स्त्रिया कांड्या भरण्याच्या अथवा घरबसल्या कापडाचे धागे काढण्याच्या कामावर आणि मुले शाळेत वा अंगणवाडीत, असा येथील अनेक घरांचा दिनक्रम असतो.

अशा एका घरात लोहाचे औषध एकाच वेळी अनेक वाटांनी येऊ शकते. घरातील सून गरोदर असेल तर तिला आरोग्यसेविकेकडून लाल गोळ्या मिळतात. आठवीतील मुलीला शाळेत निळी गोळी दिली जाते, तिसरीतील मुलाला गुलाबी, आणि दोन वर्षांच्या बाळासाठी लोहाच्या पातळ औषधाची बाटली येते. खोली एकच, फळी एकच आणि डबाही बहुधा एकच. या चारही औषधांमागील हेतू रक्तक्षय दूर करण्याचा आहे. परंतु कोणते औषध कोणाचे, ते केव्हा व किती घ्यावयाचे आणि कोणाच्या हाती लागू द्यावयाचे नाही, हे त्या घराला समजले नाही तर हितकारक औषध निष्फळ ठरते. प्रसंगी ते घातकही होते. गोळ्यांचे वाटप करणाऱ्या व त्यावर देखरेख ठेवणाऱ्या प्रत्येकाने हा विषय नीट समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

रक्तक्षयाची व्याप्ती

रक्तातील तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. फुप्फुसांतील प्राणवायू शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोहोचविण्याचे काम ते करते. त्याचे प्रमाण कमी झाले म्हणजे रक्तक्षय, अर्थात अ‍ॅनिमिया, झाला असे म्हणतात. दर १०० मिलिलिटर रक्तात गरोदर स्त्रीच्या बाबतीत ११ ग्रॅमपेक्षा कमी, गरोदर नसलेल्या स्त्रीच्या बाबतीत १२ ग्रॅमपेक्षा कमी आणि पुरुषाच्या बाबतीत १३ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन आढळले तर तो रक्तक्षय समजला जातो. गरोदर स्त्रीच्या बाबतीत हे प्रमाण ७ ग्रॅमच्याही खाली गेले तर तो तीव्र रक्तक्षय होय.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना आणि ६ ते ५९ महिने वयाच्या ६७.१ टक्के बालकांना रक्तक्षय असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण स्त्रियांत ५४.२ टक्के आणि बालकांत ६८.९ टक्के होते. म्हणजे उद्योगधंद्यांत अग्रेसर असलेल्या या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रिया अपुऱ्या रक्तावर घरचे आणि बाहेरचे काम रेटीत आहेत. धाप लागणे, चक्कर येणे, कामात मन न लागणे, मुलांचे अभ्यासात मागे पडणे, अशा रूपांत हा रोग दिसतो. बाळंतपणाच्या वेळी मात्र तो एकाएकी उग्र रूप धारण करतो. निरोगी स्त्री जो रक्तस्राव सहन करू शकते, तोच रक्तक्षय झालेल्या मातेच्या जिवावर बेतू शकतो.

परळची प्रयोगशाळा आणि कापडगिरणीतील स्त्रिया

आज ज्या गोळ्या कामतघरच्या घराघरांत पोहोचतात, त्यांचा इतिहास कापडधंद्याशीच निगडित आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईस आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी गरोदर स्त्रियांना होणाऱ्या रक्तक्षयाचा अभ्यास आरंभिला. हा विकार कष्टकरी वर्गातील, विशेषतः कापडधंद्यात राबणाऱ्या आणि निकस आहारावर दिवस काढणाऱ्या स्त्रियांत अधिक प्रमाणात आढळत होता. त्यातील एका प्रकारात रक्तपेशींचा आकार नेहमीपेक्षा मोठा दिसे. प्राण्यांवर प्रयोग करून आणि रुग्ण स्त्रियांवर उपचार करून डॉ. विल्स यांनी १९३१ साली दाखवून दिले की, यीस्टचा अर्क दिल्यास हा रक्तक्षय बरा होतो. हा अर्क स्वस्तही होता. त्यातील गुणकारी घटकाला पुढे ‘विल्स घटक’ असे नाव पडले.

हा घटक म्हणजेच फॉलिक आम्ल. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले आणि १९४५ साली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील संशोधकांनी ते कृत्रिम रीतीने तयार केले. डॉ. सुब्बाराव हे आंध्रचे सुपुत्र. मुंबईच्या श्रमिक स्त्रियांच्या दुखण्यातून सुरू झालेला शोध एका तेलुगू शास्त्रज्ञाच्या हातून पूर्णत्वास गेला आणि आज तेलुगू विणकरांच्या वस्तीतही त्याचा लाभ पोहोचत आहे. शासनाच्या गोळीत लोहाबरोबर फॉलिक आम्ल असते ते या कारणाने.

या इतिहासातून एक व्यावहारिक बोधही मिळतो. सर्वच रक्तक्षय लोहाच्या अभावामुळे होत नाहीत. फॉलिक आम्लाची किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, पोटातील जंत, हिवताप, जुनाट आजार, सिकलसेल अथवा थॅलसेमियासारखे आनुवंशिक विकार, अशी त्याची कारणे अनेक आहेत. नियमितपणे गोळी घेऊनही महिनाभरात हिमोग्लोबिन सुमारे १ ग्रॅमने वाढले नाही, तर स्वतःच्या मनाने गोळ्या वाढविण्याऐवजी डॉक्टरांकडून कारणाचा शोध घेणे आवश्यक असते.

शरीरातील लोहाचा जमाखर्च

प्रौढ माणसाच्या शरीरात एकंदर ३ ते ४ ग्रॅम लोह असते आणि त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग हिमोग्लोबिनमध्ये असतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती नष्ट झाल्यावर तिच्यातील लोह शरीर पुन्हा वापरात आणते. त्यामुळे आहारातून दररोज अवघे १ ते २ मिलिग्रॅम लोह रक्तात शोषले गेले तरी सामान्यतः भागते. मासिक पाळी, गर्भारपण, बाळंतपण आणि मुलांची झपाट्याने होणारी वाढ या अवस्थांत मात्र जमेपेक्षा खर्च वाढतो. एका गर्भारपणात सुमारे १००० मिलिग्रॅम लोहाची गरज भासते. नाचणी, हिरव्या पालेभाज्या, अळीव, कडधान्ये, सुकट व मासळी हा आहार उत्तमच आहे. परंतु एवढी मोठी तूट केवळ आहारातून भरून निघणे कठीण असल्यामुळे गोळीचा आधार घ्यावा लागतो.

या जमाखर्चाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. जादा झालेले पाणी किंवा मीठ मूत्रावाटे बाहेर टाकता येते, तशी जादा लोह बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने मानवी शरीरात केलेली नाही. शरीर लोहावर नियंत्रण ठेवते ते आतड्याच्या दारावरच. यकृतात तयार होणारे हेप्सिडीन नावाचे द्रव्य या दारावरील पहारेकऱ्याचे काम करते. लोहाची मोठी मात्रा पोटात गेली की हेप्सिडीन वाढते आणि सुमारे एक दिवसभर पुढील लोहाचे शोषण मंदावते. म्हणून एकाच दिवशी अनेक गोळ्या घेतल्याने रक्त त्या मानाने लवकर भरत नाही. पोटाचा त्रास मात्र वाढतो. काही रुग्णांना डॉक्टर एक दिवसाआड गोळी घेण्यास सांगतात, त्यामागे हेच शास्त्र आहे. तथापि हा निर्णय डॉक्टरांचा आहे. गरोदर मातेने तिला सांगितलेली रोजची गोळी आपल्या मनाने एक दिवसाआड करू नये.

कोणाला किती

देशात रक्तक्षय प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. २०१३ साली त्याची व्याप्ती सर्व वयोगटांपर्यंत वाढविण्यात आली आणि २०१८ साली ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ या मोहिमेची जोड त्याला मिळाली. या मोहिमेत प्रतिबंधासाठी ठरविलेल्या मात्रा पुढीलप्रमाणे आहेत :

(१) ६ ते ५९ महिने वयाची बालके : लोहाचे पातळ औषध १ मिलिलिटर, आठवड्यातून दोनदा. त्यात २० मिलिग्रॅम लोह व १०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते.

(२) ५ ते ९ वर्षे वयाची मुले : गुलाबी गोळी, आठवड्यातून एकदा. त्यात ४५ मिलिग्रॅम लोह व ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते.

(३) १० ते १९ वर्षे वयाची मुले व मुली : निळी गोळी, आठवड्यातून एकदा. त्यात ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते.

(४) २० ते ४९ वर्षे वयाच्या, गरोदर अथवा स्तनदा नसलेल्या स्त्रिया : लाल गोळी, आठवड्यातून एकदा. प्रमाण निळ्या गोळीइतकेच.

(५) गरोदर माता : चौथ्या महिन्यापासून दररोज एक लाल गोळी, किमान १८० दिवस. बाळंतपणानंतरही १८० दिवस दररोज एक गोळी. पहिल्या तीन महिन्यांत केवळ फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते.

या मात्रा रक्तक्षय होऊ नये म्हणून आहेत. रक्तक्षय झाल्याचे तपासणीत आढळले तर उपचाराची मात्रा वेगळी असते. सौम्य वा मध्यम रक्तक्षय असलेल्या गरोदर मातेस दररोज दोन गोळ्या दिल्या जातात आणि दरमहा तिची तपासणी केली जाते. तीव्र रक्तक्षयात शिरेतून लोह द्यावे लागते किंवा रुग्णालयात दाखल करावे लागते. हिमोग्लोबिन योग्य पातळीवर आले म्हणून गोळी लगेच बंद करू नये. शरीरातील साठा भरून येण्यास आणखी काही काळ लागतो, आणि तो किती हे डॉक्टर सांगतात.

येथे एका घोटाळ्याकडे लक्ष वेधणे जरूर आहे. बाजारातील गोळीच्या वेष्टनावर जो आकडा छापलेला असतो तो कधी लोहक्षाराचा असतो, तर कधी त्यातील शुद्ध लोहाचा. स्फटिकरूप फेरस सल्फेट ३०० मिलिग्रॅम घेतले तर त्यात शुद्ध लोह सुमारे ६० मिलिग्रॅमच असते. फेरस फ्युमरेटचा सुमारे एक-तृतीयांश भाग लोह असतो, तर फेरस ग्लुकोनेटमध्ये ते सुमारे १२ टक्के असते. म्हणून केवळ आकडा पाहून ‘ही गोळी जोरदार’ आणि ‘ती हलकी’ असे ठरविणे चुकीचे आहे. त्याचप्रमाणे शासकीय गोळी चालू असता खासगी दवाखान्यातून रक्तवाढीचे टॉनिक मिळाले, तर दोन्ही सुरू असल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे. नाव निराळे असले तरी लोह तेच असते.

गोळी केव्हा व कशी घ्यावी

उपाशीपोटी लोहाचे शोषण अधिक चांगले होते. परंतु अनेकांना त्यामुळे मळमळ होते. म्हणून जेवणानंतर सुमारे एक तासाने पाण्याबरोबर गोळी घेणे हा सर्वसाधारणपणे सोयीचा मार्ग आहे. मळमळ होत असल्यास रात्री निजण्यापूर्वी घ्यावी. लिंबाचे सरबत, आवळा, पेरू अथवा संत्रे यांतील क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते. गोळी चावू नये वा तोंडात चघळू नये. ती पाण्याबरोबर गिळावी.

चहा आणि लोह यांचे वैर आहे. चहातील टॅनिनसारखी द्रव्ये लोहाला धरून ठेवतात आणि त्याचे शोषण होऊ देत नाहीत. कॉफीचाही परिणाम असाच होतो, आणि दुधातील कॅल्शियमही लोहाच्या आड येते. यंत्रमागाच्या वस्तीत ही बाब विशेष महत्त्वाची आहे. पाळीचे काम, अर्धवट झोप आणि भूक मारण्यासाठी वारंवार घेतलेला चहा हा तेथील जीवनक्रमच झालेला असतो. ‘चहा सोडा’ असा उपदेश अशा घरात टिकत नाही. ‘गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास चहा नको’ एवढेच सांगितले तर ते पाळता येते. रात्रपाळी करणाऱ्याच्या घरी जेवणाची वेळच वेगळी असते. तेथे ‘सकाळी’ वा ‘रात्री’ असे न सांगता ‘मुख्य जेवणानंतर एक तासाने’ असे सांगणे अधिक उपयोगी ठरते.

गरोदर मातेस लोहाबरोबर कॅल्शियमच्या गोळ्याही दिल्या जातात. या दोन्ही एकदम घेऊ नयेत. त्यांत किमान दोन तासांचे अंतर असावे. कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर घेतली की हा हिशेब आपोआप जुळतो. आम्लपित्तावरील औषधे, टेट्रासायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके आणि थायरॉइडची गोळी यांच्याशीही लोहाचे जमत नाही. थायरॉइडची गोळी आणि लोहाची गोळी यांत चार तासांचे अंतर ठेवावे. इतर औषधांच्या बाबतीत डॉक्टरांना वा औषध देणाऱ्या औषधनिर्मात्यास विचारावे.

एखाद्या दिवशी गोळी घेण्याचे राहून गेले तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करू नये. नेहमीची एकच घ्यावी. बाळाला पातळ औषध देताना बाटलीबरोबरच्या मापानेच १ मिलिलिटर मोजावे, चमच्याच्या अंदाजाने देऊ नये. औषध जिभेच्या मागील बाजूस सोडावे व नंतर पाणी पाजावे, म्हणजे दातांवर काळे डाग पडत नाहीत.

जंतांमुळेही शरीरातील रक्त कमी होते. म्हणून राष्ट्रीय जंतनाशक दिनी, म्हणजे १० फेब्रुवारीस व १० ऑगस्टला, मुलांना दिली जाणारी अल्बेंडॅझोलची गोळी हा या उपायाचाच एक भाग समजावा. पायांत चप्पल घालणे आणि शौचालयाचा वापर करणे हेही त्याचेच भाग होत.

त्रास आणि गैरसमज

गोळी सुरू केल्यावर काही जणांना मळमळ, पोटात जळजळ, बद्धकोष्ठ वा पातळ शौच असा त्रास होतो. बहुधा काही दिवसांत तो कमी होतो. पाणी भरपूर प्यावे, भाजीपाला खावा आणि त्रास न थांबल्यास गोळी फेकून न देता आरोग्यसेविकेस सांगावे. गोळी वा मात्रा बदलून देता येते.

शौचास काळा रंग येतो, यामुळे पुष्कळ स्त्रिया घाबरतात. न शोषलेले लोह शरीराबाहेर पडत असल्याचे ते चिन्ह असून त्यात काळजीचे कारण नाही. मात्र शौच डांबरासारखे चिकट व अतिशय दुर्गंधीयुक्त असेल, त्यात रक्त दिसत असेल किंवा पोटात तीव्र दुखत असेल, तर विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे.

‘गोळी गरम पडते’, ‘गोळीने मूल काळे होते’, ‘मूल फार मोठे होऊन बाळंतपण अवघड जाते’ असे समज शहरांत व खेड्यांत सारखेच आढळतात. गोळीचा मुलाच्या वर्णाशी काहीही संबंध नाही. रक्तक्षय असलेल्या मातेचे मूल कमी वजनाचे जन्मण्याचा वा अपुऱ्या दिवसांत जन्मण्याचा धोका अधिक असतो, ही वस्तुस्थिती आहे. हे समज हसण्यावारी नेल्याने नाहीसे होत नाहीत. घरात ज्या सासूबाईंचा शब्द चालतो, त्यांना शेजारी बसवून समजावून सांगितल्यास अधिक उपयोग होतो. कामतघरसारख्या बहुभाषी वस्तीत ही समजूत मराठीबरोबर तेलुगू आणि हिंदीतूनही घातली गेली पाहिजे.

कोणी थांबावे

लोहाची गोळी बहुसंख्य लोकांना हितकर असली तरी ती सर्वांसाठी नाही. थॅलसेमियाच्या रुग्णांना व ज्यांना वारंवार रक्त द्यावे लागते त्यांना अशा गोळ्या देऊ नयेत. कारण त्यांच्या शरीरात लोह आधीच साठत असते आणि ते हृदय व यकृत यांना हानी पोहोचविते. सिकलसेलच्या रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच गोळी घ्यावी. जठरव्रण असलेल्यांनीही आधी सल्ला घ्यावा. ताप, अतिसार वा न्यूमोनिया असा तात्पुरता आजार चालू असता बालकांची मात्रा थांबवावी व बरे वाटल्यावर पुन्हा सुरू करावी. तीव्र कुपोषणावर उपचार घेत असलेल्या बालकास त्या उपचाराच्या नियमांप्रमाणेच लोह दिले जाते. प्रौढ पुरुषाला अथवा पाळी थांबलेल्या स्त्रीला रक्तक्षय असेल, तर शरीरात कोठेतरी रक्तस्राव होत आहे काय हे तपासून घ्यावे. नुसत्या गोळ्यांनी ते कारण झाकले जाण्याचा संभव असतो.

लहान मुलांपासून दूर

या विषयातील सर्वांत गंभीर बाब म्हणजे लहान मुलांनी चुकून गोळ्या खाणे. गोळ्यांवर साखरेचा थर असतो आणि त्यांचा रंग मोहक असतो. बालकाच्या दृष्टीने लिमलेटची गोळी आणि लोहाची गोळी यांत फरक नाही.

याचा हिशेब अधिकारी व शिक्षक यांनी एकदा स्वतः मांडून पाहावा. शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे २० मिलिग्रॅमहून अधिक शुद्ध लोह पोटात गेले तर विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. ६० मिलिग्रॅमहून अधिक गेल्यास जिवाला धोका संभवतो. १० किलो वजनाच्या बालकाने ६० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या खाल्ल्या की पहिली मर्यादा ओलांडली जाते आणि दहा गोळ्यांत ते दुसऱ्या मर्यादेपाशी पोहोचते. पातळ औषधाच्या ५० मिलिलिटरच्या बाटलीत १००० मिलिग्रॅम लोह असते. ती संपूर्ण प्यायल्यास त्याच बालकाच्या दृष्टीने प्रमाण किलोमागे १०० मिलिग्रॅम होते. अमेरिकेत एके काळी सहा वर्षांखालील मुलांच्या विषबाधेने होणाऱ्या मृत्यूंत लोहाच्या गोळ्या हे प्रमुख कारण होते. तेथे १९९७ साली वेष्टनावरील इशारा आणि अधिक लोहाची प्रत्येक गोळी स्वतंत्र कप्प्यात बंद करणे सक्तीचे झाल्यानंतरच्या वर्षांत अशा मृत्यूंची संख्या झपाट्याने घटली. एवढ्या साध्या उपायाने मुले वाचतात, हा त्यातील धडा आहे.

लोहाच्या विषबाधेचे स्वरूप फसवे असते. पहिल्या सहा तासांत उलट्या, जुलाब व पोटदुखी होते. उलटीत रक्तही दिसू शकते. त्यानंतर काही तास मूल सावरल्यासारखे वाटते आणि घरचे लोक निर्धास्त होतात. याच काळात विष शरीरात भिनत असते. नंतर मूल एकाएकी निपचित पडते, रक्तदाब उतरतो आणि यकृत निकामी होऊ लागते. म्हणून मूल बरे दिसत असले तरीही रुग्णालय गाठलेच पाहिजे.

अशा वेळी घरी मीठ-पाणी पाजून वा घशात बोट घालून उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी अथवा मिळेल त्या वाहनाने जवळचे रुग्णालय गाठावे. गोळ्यांचे पाकीट वा बाटली बरोबर न्यावी, म्हणजे किती औषध पोटात गेले असावे याचा अंदाज डॉक्टरांना करता येतो. या विषबाधेवर डेसफेरीऑक्झामीन हे उताऱ्याचे औषध आहे; ते वेळेत मिळण्यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

खबरदारी मात्र सोपी आहे. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात, मोकळ्या करून साखरेच्या वा बिस्किटांच्या डब्यात ठेवू नयेत. एका खोलीच्या घरात कुलपाचे कपाट नसते. तेथे उंच खिळ्याला टांगलेली झाकणाची पिशवीही काम करते. मुलांसमोर औषधाला ‘गोड गोळी’ वा ‘चॉकलेट’ म्हणू नये. बाळंतपणानंतर उरलेल्या गोळ्या घरात पडू न देता आरोग्यसेविकेकडे परत कराव्यात. ऊन व ओल यांपासून गोळ्या जपाव्यात. मुदत संपलेली, रंग उडालेली वा ओलसर झालेली गोळी वापरू नये.

शाळेतील गोळीचा दिवस

ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईतील गोवंडी येथील महानगरपालिकेच्या एका शाळेत लोहाच्या गोळ्या देण्यात आल्यानंतर काही दिवसांनी एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. गोळीनेच मृत्यू झाल्याची वार्ता पसरली आणि भयभीत पालकांनी आपापल्या मुलांना रुग्णालयांत नेले. शवविच्छेदनाच्या प्राथमिक निष्कर्षात मृत्यूचे कारण क्षयरोग असल्याचे पुढे आले. बहुतेक मुलांना तपासणीनंतर घरी सोडण्यात आले. परंतु त्या काही दिवसांत पालकांच्या मनाला जो धक्का बसला तो सहज विसरला जाण्यासारखा नव्हता.

या घटनेपासून शिक्षकांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. गोळी देण्यापूर्वी पालकांची सभा घेऊन तिचा हेतू, काळ्या शौचाची व किरकोळ मळमळीची शक्यता आधीच सांगावी. उपाशीपोटी कोणासही गोळी देऊ नये. मध्यान्ह भोजनानंतरच द्यावी. त्या दिवशी आजारी असलेल्या वा दीर्घ आजाराचा उपचार चालू असलेल्या मुलांची नोंद ठेवून त्यांना आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याशिवाय गोळी देऊ नये. गोळी शिक्षकांसमोर गिळली जावी, खिशात घालून घरी जाऊ नये. शिक्षकांनी आपली गोळीही मुलांबरोबर घेतल्यास त्यांचा विश्वास वाढतो. एखाद्या मुलास मळमळ झाली तर त्याला शांतपणे वेगळे बसवून पाणी द्यावे व पालकांना स्वतः कळवावे. भीती एका मुलाकडून दुसऱ्याकडे फार लवकर पसरते, हे ध्यानात ठेवून वर्गातील वातावरण शांत राखावे.

पंचायतीची व अधिकाऱ्यांची जबाबदारी

कामतघर महानगरपालिकेच्या हद्दीत असले तरी भिवंडी तालुक्यातील काल्हेर, कशेळी, राहनाळ यांसारख्या गावांत गोदामे आणि कारखाने वाढल्याने तेथेही कामगारांच्या वस्त्या उभ्या राहिल्या आहेत. आज या गावी तर उद्या त्या गावी, अशी ही कुटुंबे फिरत असतात. वस्ती बदलली की गरोदर मातेच्या गोळ्यांचा क्रम खंडित होतो. गावात नवे कुटुंब आले की त्यातील गरोदर माता व बालके यांची नोंद अंगणवाडीत व्हावी, यासाठी पंचायत सदस्य मोठे साहाय्य करू शकतात. भाड्याच्या खोल्यांचे मालक आणि कारखानदार यांच्याकडून ही माहिती मिळविणे त्यांना सहज शक्य असते.

ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीच्या बैठकीत केवळ ‘किती गोळ्या वाटल्या’ असे न विचारता ‘किती मातांनी १८० गोळ्या पूर्ण केल्या’, ‘किती जणींचे हिमोग्लोबिन पुन्हा तपासले’ आणि ‘ज्यांचे वाढले नाही त्यांना पुढे कोठे पाठविले’ असे तीन प्रश्न विचारले जावेत. गोळ्यांचा साठा मुदतीच्या आत व कोरड्या जागी आहे काय, हेही पाहावे. वाटपाचा आकडा नोंदवहीत भरतो. रक्त भरते ते पोटात गेलेल्या गोळीने.

नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईतील कष्टकरी स्त्रियांच्या निस्तेज चेहऱ्यांकडे पाहून एका डॉक्टरने प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर शोधले. ते उत्तर आज एका लहानशा गोळीच्या रूपाने विनामूल्य उपलब्ध आहे. योग्य माणसाला, योग्य मात्रेत, योग्य वेळी ती मिळावी आणि लहानग्यांच्या हाताला ती कधीही लागू नये, एवढी दक्षता शिक्षक, सेविका, पंचायत सदस्य व अधिकारी यांनी घेतली, तर मागांच्या आवाजात राबणाऱ्या घरांतील माता व मुले अधिक सशक्त झाल्याखेरीज राहणार नाहीत.